हरणाबाईचा दुभाष्या

हरणाबाईला काही विचारायचं झालं तर ते आधी बिराप्पाला विचारावं लागे, आणि ती काय म्हणाली हेही बिराप्पाच सांगे. दवाखान्यातल्या सगळ्यांना हे दोन-चार दिवसांतच माहीत झालं होतं. केसपेपर काढणारा असो की सलाईन लावणारी, जो तो आधी बिराप्पाकडं बघायचा.

त्यांची वस्ती जत तालुक्याच्या पार टोकाला, उमदीच्याही पुढं. तिथं घरात कानडी, दुकानात कानडी आणि देवळात गाऱ्हाणं घालायचं तेही कानडीतच. बिराप्पाला मराठी आली ती मेंढरांच्या मागं फिरून. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो कळपाबरोबर कराड-कोरेगावच्या बाजूला उतरायचा. ऊस निघालेल्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, तर शेतकऱ्याशी बोलणं करायला मराठीच लागते. लग्न झाल्यावर हरणाबाईही त्याच्या मागोमाग तेवढीच पायपीट करत आली. पण तिचं काम चुलीचं आणि कोकरांचं. बोलणं-चालणं बिराप्पाचं. मराठी तिच्या कानावरून आयुष्यभर गेली, जिभेवर मात्र कधी बसली नाही.

पाळी बंद होऊन कैक वर्षं झाल्यावर तिला पुन्हा अंगावरून लाल जायला लागलं. लाजेपायी तिनं ते बरेच महिने कुणाला सांगितलं नाही. शेवटी सुनेच्या लक्षात आलं. जतच्या डॉक्टरनं तपासलं आणि एक शब्द न बोलता सांगलीला चिठ्ठी दिली. सांगलीला तुकडा काढून तपासला, तेव्हा गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर निघाला.

मोठ्या डॉक्टरांनी बिराप्पाला समोर बसवून नीट समजावलं. आजार हाताबाहेर गेलेला नाही. रोज मशिनीखाली शेक घ्यायचा, ज्याला सगळे लाईट म्हणतात, आणि आठवड्यातून एकदा सलाईन. पाच-सहा आठवड्यांचं काम. ‘‘पण मामा, मध्ये खंड पडता कामा नये. खंड पडला तर केलेलं सगळं वाया जाईल.’’

हे शेवटचं वाक्य बिराप्पाच्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं. पोरगा अर्जुना आणि सून मेंढरं घेऊन कराडकडं गेलेली. म्हणून नवरा-बायको दोघंच दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत एका खोलीत येऊन राहिली. बिराप्पा उठल्यापासून एकच गोष्ट बघायचा, आज लाईट चुकू नये.

दुसऱ्या आठवड्यात त्यांना सुमैरा मुजावर या मुलीच्या खोलीत पाठवलं. ती डॉक्टर नव्हती. आजाऱ्यांशी बोलून त्यांच्या मनाचं काय चाललंय, झोप-जेवण कसं आहे, घरची काही अडचण आहे का, हे समजून घ्यायचं तिचं काम. पोरगी तिशीच्या आतली, बोलायला मऊ. तिनं हरणाबाईसमोर एक चित्र धरलं. तापाची कांडी असते तशीच, पण मोठी. खाली शून्य, वर दहा.

‘‘मामा, मावशींना सांगा. ताप मोजतो तसा मनाचा त्रास मोजायचाय. काहीच त्रास नसेल तर शून्य, सोसवत नाही इतका असेल तर दहा. गेल्या आठवड्यात त्यांचा कुठवर होता?’’

बिराप्पानं कानडीत सांगितलं. हरणाबाई त्या चित्राकडं खूप वेळ बघत राहिली. मग नवऱ्याकडं न बघता, पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती हळू आवाजात बोलायला लागली. आवाज चढला नाही की डोळ्यांत पाणी आलं नाही. ती म्हणाली, ह्या कांडीत माझं मावत नाही. दिवस उजाडला की वाटतं कशाला उजाडला. मग ती म्हणाली, ‘साकाग्यद’, म्हणजे आता पुरे झालं. आणि शेवटी म्हणाली, ‘‘आपल्या विहिरीला पाणी असतं, तर मी मागंच गेले असते.’’

बायकोला बिराप्पा चाळीस वर्षं ओळखत होता. दुष्काळात अर्धा कळप मेला तेव्हाही ती असलं बोलली नव्हती. सुमैरा पेन हातात धरून त्याच्या तोंडाकडं बघत होती. त्याच्या मनात एकदम सगळं गोळा झालं. हे सांगितलं तर ही मोठ्या डॉक्टरांना सांगणार. ते म्हणणार, बाईची तयारी नाही, थांबवा लाईट. नाही तर वेड्यांच्या दवाखान्यात धाडणार. म्हणजे खंड पडणार. शिवाय परक्या पोरीसमोर कसं सांगायचं, की माझ्या घरातलं माणूस जीव द्यायचं म्हणतंय?

‘‘दोन म्हणती,’’ तो म्हणाला.

‘‘दोन? एवढा वेळ बोलल्या त्या.’’

‘‘मेंढरांचं सांगत हुती. पोरगं कळप घिऊन कराडकडं गेलंय, त्येची काळजी. बाकी काय न्हाई.’’

सुमैरानं हरणाबाईकडं बघितलं. हरणाबाई खाली बघत होती. मग सुमैरानं झोपेचं, भुकेचं, लघवीला जळजळ होते का याचं विचारलं. त्यातलं निम्मं बिराप्पानं बायकोला विचारलंही नाही. स्वतःच ‘झोप हाय, जेवण हाय’ म्हणून मोकळा झाला. निघताना सुमैरा म्हणाली की पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलू, पण मध्ये कधीही यावंसं वाटलं तर या, दार उघडंच असतं. बिराप्पा मान हलवून बाहेर आला.

त्या दिवसापासून त्याच्या जिवाला स्वस्थता राहिली नाही. गावाकडं विहिरीचा तळ दिसत होता, टँकर आला तर पाणी. इथं मात्र कृष्णा हाकेच्या अंतरावर भरलेली. सांगलीला आल्या आल्या हरणाबाईनं घाटावर जाऊन नदीला हात जोडले होते, तेव्हा त्याला बरं वाटलं होतं. आता ती आठवण काट्यासारखी टोचू लागली. धर्मशाळेच्या फाटकातून बाहेर पडलं की डावीकडं दवाखाना आणि उजवीकडं नदीची वाट. हरणाबाईचा पाय जरा उजवीकडं वळला तरी तो तिच्या पुढं जाऊन उभा राहायचा.

तो तिला एकटं सोडेना. ती न्हाणीघरात गेली की हा बाहेर भिंतीला टेकून बसायचा आणि मध्येच खाकरायचा. तिनं आतून काही आवाज केला की मगच त्याचा श्वास खाली बसायचा. खोलीतली कपडे वाळवायची दोरी त्यानं सोडून टाकली. गोळ्यांची पिशवी उशाखाली घेऊन तो झोपायचा, म्हणजे पडायचा, झोप कुठली. धर्मशाळेतली माणसं म्हणायची, म्हाताऱ्याची बायकोवर किती माया. त्याला ते ऐकवायचं नाही.

तिच्या वागण्यात तर त्याला रोज नवीन खूण दिसायची. तिनं आपलं ताट-तांब्या वेगळा केला. अंथरूण ओढत ओढत पार पलीकडच्या भिंतीला नेलं. तो जवळ बसला की ती सरकायची. अर्जुनाचा फोन आला, रविवारी नातीला घेऊन येतो म्हणाला. तर हरणाबाईनं दोन्ही हात हलवून नको-नको केलं आणि तोंड फिरवून बसली. ज्या नातीला ती पाठीवरून खाली उतरवायची नाही, तिला बघायलाही नको? बिराप्पाला वाटलं, ही एकेक धागा तोडत चाललीय. मेंढरू मरायच्या आधी कळपातून बाजूला जाऊन बसतं, तसं चाललंय हिचं.

‘‘आई कशी हाय?’’ अर्जुनानं विचारलं.

‘‘बरी हाय,’’ बिराप्पा म्हणाला.

आता हे दुसऱ्यांदा खोटं झालं. एकदा बोललेलं खोटं सारखं चारा मागत राहतं. त्याला कितीदा वाटलं, सुमैराच्या खोलीत जावं आणि सांगून टाकावं. दारापर्यंत जाऊन तो दोनदा परत आला, आणि पुढच्या आठवड्याचं बोलावणं आलं तेव्हा ते त्यानं काहीतरी निमित्त काढून चुकवलं. आता सांगितलं तर ती विचारणार, मग त्या दिवशी का नाही सांगितलं? आणि लाईट निम्म्याच्या पुढं आलेली. एवढे दिवस रेटले, राहिलेले रेटू, असं स्वतःला समजावत तो दिवस ढकलत होता.

सलाईनच्या दिवशी मशीन मध्येच बंद पडली. लाईटची रांग अडकून पडली. तेवढ्यात एका नर्सनं बिराप्पाच्या हातात औषधाची चिठ्ठी दिली आणि खालच्या दुकानातून आणायला सांगितलं. हरणाबाईला बरोबर न्यावं तर रांगेतला नंबर जाणार. शेजारी कवठे महांकाळची धोंडुबाई बसली होती, बहिणीला घेऊन आलेली. बिराप्पानं तिला हात जोडून सांगितलं, ‘‘बाई, हिच्याकडं जरा ध्यान ठेवा. उठू देऊ नका.’’ धोंडुबाईला त्याच्या त्या हात जोडण्याचं नवलच वाटलं, पण ती बरं म्हणाली.

दुकानात गर्दी होती. त्याचा नंबर येईना. औषध घेऊन तो धापा टाकत वर आला तर खुर्ची रिकामी. खुर्चीखालच्या चपलाही नव्हत्या.

‘‘मगाशी उठली की,’’ धोंडुबाई म्हणाली. ‘‘मला वाटलं लघवीला चालली. मी बहिणीला धरून हुते, आवं.’’

त्यानं बायकांच्या मोरीच्या दारात उभं राहून हाका मारल्या. आतून एक अनोळखी बाई बाहेर आली, आत कुणी नाही म्हणाली. जिन्याखाली बघितलं, पाण्याच्या टाकीपाशी बघितलं. फाटकावरच्या वॉचमनला विचारलं, तर तो म्हणाला, इतकी माणसं जातात-येतात, मी कुणाकुणाला ध्यानात ठेवू?

बिराप्पा पळत सुटला. रिक्षा करावी हे त्याला सुचलंच नाही. पासष्टीतला माणूस, धोतराचा सोगा हातात धरून भर रस्त्यातून पळतोय, हातात औषधाची पिशवी तशीच. एका मोटरसायकलवाल्यानं करकचून ब्रेक दाबला आणि शिवी दिली, ती त्याच्यापर्यंत पोचलीच नाही. त्याच्या कानात आपलाच आवाज घुमत होता. दोन म्हणती. दोन म्हणती.

घाटावर ऊन पसरलं होतं. दोन-तीन बाया धुणं आपटत होत्या. बिराप्पा पायऱ्या उतरत त्यांच्यापाशी गेला आणि विचारायला लागला; अशी-अशी बाई, हिरवं लुगडं, कपाळाला भंडारा, बघितली का? बाया त्याच्याकडं नुसत्या बघत राहिल्या.

‘‘काय म्हणताय बाबा?’’ त्यातली एक म्हणाली.

त्यानं पुन्हा विचारलं. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की तो कानडीत बोलतोय. त्यानं मराठी शब्द शोधला, सापडेना. बाई, लुगडं, पाणी, साधे शब्द, जन्मभर वापरलेले. एकही जिभेवर येईना. तोंड उघडलं की कानडीच बाहेर पडत होती. तो हातानं उंची दाखवत होता, पदर दाखवत होता, नदीकडं बोट करत होता. बायांना काही उमगेना. एक जण घाबरून उठून उभीच राहिली.

पुलाच्या अंगाला पाण्यात काहीतरी हिरवट तरंगत होतं. बिराप्पा तसाच पाण्यात शिरला. गुडघे बुडाले, मांड्या बुडाल्या. हात लांब करून त्यानं ते ओढलं. कुणीतरी सोडलेलं जुनं लुगडं होतं, आत हार-फुलं गुंडाळलेली. तो ते हातात धरून उभा राहिला. मागून बाया ओरडत होत्या, बाहेर या म्हणून.

खिशातला फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

‘‘मामा, सुमैरा बोलतेय. कुठं आहात तुम्ही? मावशी माझ्याजवळ बसल्यात.’’

‘‘कोण?’’ त्यानं विचारलं. हा पहिला मराठी शब्द फुटला.

‘‘हरणाबाई मावशी. माझ्या खोलीत आहेत. बऱ्या आहेत. या तुम्ही.’’

तो पाण्यातून बाहेर आला आणि पायरीवर बसला. धुणं धुणाऱ्या बाईनं न विचारता त्याच्या हातात पाण्याची बाटली दिली.

खोलीत सुमैराच्या बाजूला एक नर्स बसली होती. महादेवी तिचं नाव, अथणीकडची, नुकतीच त्या वॉर्डात आलेली. ती व्हरांड्यात फोनवर आपल्या आईशी कानडीत बोलत होती, ते हरणाबाईच्या कानावर पडलं आणि ती उठून तिच्या मागोमाग गेली होती. ‘‘माझं एक ऐकतेस का?’’ एवढंच तिनं महादेवीला विचारलं. मग त्या दोघी सुमैराकडं आल्या.

हरणाबाईनं नवऱ्याचं मांडीपर्यंत भिजलेलं धोतर बघितलं. तो कुठं जाऊन आला हे तिला सांगावं लागलं नाही. तिचा चेहरा उतरला.

बिराप्पा खाली फरशीवरच बसला. ‘‘म्याडम, त्या दिशी म्या खोटं सांगितलं,’’ तो म्हणाला. ‘‘ती दोन म्हणाली न्हवती.’’ मग त्यानं विहिरीचं वाक्य, जसं ती बोलली होती तसं, मराठीत सांगितलं. लाईट बंद करू नका, एवढी कृपा करा, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

सुमैरानं त्याला बोलून घेऊ दिलं. ‘‘मामा, मनातलं सांगितलं म्हणून कुणाची लाईट बंद होत नाही,’’ ती म्हणाली. ‘‘मनातलं आत राहिलं की मग माणसं उपचार सोडून जातात. खंड तिथं पडतो.’’ मग ती म्हणाली, ‘‘माझंही चुकलं. घरच्या माणसाला मध्ये घालून असलं विचारायला नको होतं. मला त्या दिवशीच शंका आली होती.’’

मग तिनं हरणाबाईकडं बघून, महादेवीमार्फत विचारून, बिराप्पाला काय सांगायचं ते ठरवून घेतलं आणि तेवढंच सांगितलं. धर्मशाळेतल्या कुणा बाईनं हरणाबाईला सांगितलं होतं, की हा रोग शिवाशिवीनं लागतो. म्हणून ताट वेगळं, अंथरूण वेगळं, म्हणून नात नको. लघवीला मिरची लागल्यासारखी आग व्हायची, कपडे खराब व्हायचे, वास यायचा. ते नवऱ्याच्या तोंडून परक्यांना सांगायचं तिला मरणाहून अवघड वाटायचं. आणि मरणाचा विचार खरोखरच होता. एकदा ती पहाटे फाटकापर्यंत जाऊन परत आली होती, बिराप्पाचा जरा डोळा लागला होता तेव्हा.



‘‘शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं, पोराला मांडीवर घेतल्यानं हा आजार लागत नाही,’’ सुमैरा म्हणाली. ‘‘मोठे डॉक्टरही सांगतील. जळजळीला औषध आहे, ते आजच चालू होईल. मनाच्या डॉक्टरांना मी बोलावलंय, ते इथंच येऊन बोलतील. आणि यापुढं महादेवी सिस्टर दुभाषी. मावशींनी मला तुम्हाला एवढंच सांगायची परवानगी दिलीय.’’

‘‘आणि बाकीचं?’’

‘‘बाकीचं त्यांचं त्यांच्यापाशी.’’

त्या दिवशी उशिरा का होईना, मशीन दुरुस्त झाली आणि लाईट झाली. धर्मशाळेकडं परतताना फाटकापाशी हरणाबाई थांबली.

‘‘दोन मला कळतं,’’ ती कानडीत म्हणाली. ‘‘जन्मभर बाजारात ऐकलंय. तुम्ही दोन म्हणालात आणि मी म्हटलं, यांनाच ऐकवत नाही, तर मी आणखी कुणाला काय सांगू?’’

ती आत गेली.

राग तिचा बरेच दिवस टिकला. ती त्याच्याशी कामापुरतंच बोलायची. औषधानं आग कमी झाली, झोपेच्या गोळीनं ती पहाटेपर्यंत झोपू लागली. अंथरूण मात्र तिनं लगेच जवळ आणलं नाही. बिराप्पानं दोरी परत बांधली, पण गोळ्यांची पिशवी सुमैराच्या सांगण्यावरून आपल्याकडंच ठेवली. अर्जुनाला त्यानं फोन करून सगळं खरं सांगितलं. पोरगा मेंढरं भावकीतल्या माणसावर सोपवून बायको-पोरीसकट येऊन दोन दिवस राहून गेला. हरणाबाईनं पहिल्या दिवशी नातीला लांबूनच बघितलं. दुसऱ्या दिवशी तिनं महादेवीला बोलावून पुन्हा एकदा खात्री करून घेतली, आणि मग पोरीची वेणी घालायला बसली.

आता सुमैराच्या खोलीचं दार बंद झालं की बिराप्पा बाहेर राहायचा. आतून कानडी ऐकू यायची, पण शब्द लागायचे नाहीत. आपल्याबद्दल काय बोलत असेल, पुन्हा तसलं तर काही नाही ना, या विचारानं तो व्हरांड्यात येरझाऱ्या घालायचा. धोंडुबाई म्हणायची, ‘‘बसा की आवं, पायाचे तुकडे पडतील.’’

लाईट पुऱ्या झाल्या. तीन महिन्यांनी तपासणीला या, तेव्हा खरं काय ते कळेल, असं डॉक्टर म्हणाले. जतच्या एसटीत खिडकीशी बसल्यावर हरणाबाईनं बऱ्याच दिवसांनी त्याच्याकडं नीट बघितलं आणि विचारलं, आग होते, याला मराठीत काय म्हणतात? त्यानं सांगितलं. दुखतं, याला? झोप येत नाही, याला? ती प्रत्येक शब्द दोन-तीनदा घोळवायची.

‘‘आणि अंजिकी आगतद, याला?’’

‘‘भीती वाटती,’’ बिराप्पा म्हणाला.

‘‘भीती वाटती,’’ ती म्हणाली. पुढच्या बाकावरच्या माणसानं वळून बघितलं. तिनं पुन्हा म्हटलं.

ते तीन महिने कसे गेले ते त्या घरालाच माहीत. तिच्या लुगड्यावर जरा डाग दिसला की बिराप्पा तपासणीला किती दिवस राहिले ते मोजायचा. तपासणीच्या दिवशी ती दोघं पहिल्या एसटीनं सांगलीला आली. डॉक्टरांनी तपासलं, फिल्म बघितली आणि म्हणाले, सध्या काही दिसत नाही, चांगलं आहे. पण पुन्हा तीन महिन्यांनी या. बिराप्पा ‘सध्या’ या शब्दापाशीच अडकून बसला.

पुढं सुमैराची खोली. महादेवी रजेवर होती. सुमैरा दारात येऊन म्हणाली, आज दुसरं कानडी बोलणारं कुणी नाही, मावशींची हरकत नसेल तर मामांना घेऊ का? बिराप्पा उठला. हरणाबाईनं हातानंच त्याला खाली बसवलं, पदर सावरला आणि एकटी आत गेली. दार लागलं.

तो बाहेर बसून राहिला. आतून तिचा आवाज येत होता. अडखळत, मध्येच थांबत, पुन्हा पुढं सरकत. मराठीच असावी. तो मान कलती करून ऐकत होता, पण शब्द काही लागत नव्हते.